थोरले निराधार झाले

"चालतंय ना ते? मग कशाला त्याच्या पोटात बोटं घालताय," आवक-जावकच्या ताई पुटपुटल्या. पुटपुटल्या त्या अशा बेताने, की शेजारच्याला ऐकू यावं आणि साहेबांना येऊ नये. शेजारचा म्हणजे संगणक दुरुस्तीवाला. तो टेबलाखाली पालथा पडून वायरी उपसत होता. त्याचं म्हणणं, चालतंय हीच तर अडचण आहे. बंद पडलं असतं तर सगळ्यांची सुटका झाली असती.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं त्या संगणकाला आमच्या वृद्ध व निराधार सहाय्य कार्यालयात सगळे 'थोरले' म्हणत. मूळचा रंग पांढरा, आता दुधाळ चहाचा. सकाळी बटण दाबलं की थोरले आधी खोकत, मग घसा साफ करत, आणि ताईंची पिशवी खुंटीला लागेपर्यंत कामाला बसत. इतक्या वर्षांत त्यांनी एकही पत्र हरवलं नव्हतं. आमच्यापैकी दुसऱ्या कोणाबद्दल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

अडचण वरून आली. सर्व संगणकांवर नवी प्रणाली बसवावी, असं मुख्यालयाचं परिपत्रक निघालं. मूळ मजकूर परभाषेतला. भाषांतर विभागाने शब्दकोश मांडीवर घेऊन तो इमानेइतबारे आपल्या भाषेत आणला होता. कोशात 'सपोर्ट'चा पहिला अर्थ होता 'आधार', त्यामुळे वाक्य असं झालं: "जी यंत्रे जुनी असून ज्यांना निर्मात्याकडून यापुढे आधार मिळणार नाही, ती निराधार समजण्यात यावीत."

त्याच परिपत्रकात सुरक्षेची ठिगळं वेळच्या वेळी लावण्याची सूचना होती, म्हणून एक शिंपी येऊन थोरल्यांचं माप घेऊन गेला. प्रिंटरला योग्य तो चालक नसल्यास मिळवावा, असंही होतं. वाहन विभागाने लगेच जीपचा चालक पाठवला. भला माणूस. दोन दिवस प्रिंटरशेजारी स्टुलावर बसला आणि तिसऱ्या दिवशी लेखी कळवून गेला, की सदर वाहनास चाके नाहीत, आरसा नाही, हॉर्न मात्र बरा आहे.

दुरुस्तीवाल्याने नवी प्रणाली थोरल्यांत घालून पाहिली. पडद्यावर उमटलं, 'आपले यंत्र पात्र नाही.' पण पडद्यावरचं फाइलला लागत नाही, कागद हवा. तो छापायला दुसरं कोण होतं? स्वतःच्या अपात्रतेचं पत्र थोरल्यांनीच एका दमात, एकही काना-मात्रा न चुकवता छापून दिलं.

त्यांच्या जागी आले 'धाकटे'. सडपातळ, चकचकीत, पाठीला टेकू लागणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, 'नमस्कार. आम्ही सर्व काही तुमच्यासाठी तयार करत आहोत.' आणि खाली एक गोल फिरायला लागला. गोल फार देखणा होता. दुपारपर्यंत आम्ही तो पाहिला. जेवून आल्यावरही पाहिला. दुसऱ्या दिवशी धाकटे जुन्या प्रिंटरला ओळखेनात, माउसला ओळखेनात, आणि ताईंनी स्वतःचं नाव घातलं तर 'आपण खरोखर आपणच आहात का?' असं विचारू लागले. ताई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हा प्रश्न मलाही पडतो, पण मी तो कामाच्या वेळेत काढत नाही.

तेव्हा धाकटे टेबलावर मिरवायला आणि थोरले टेबलाखाली काम करायला, अशी व्यवस्था लागली. पुष्कळ घरांत ती आधीपासून आहेच.

थोरल्यांना भंगारात काढा, असा प्रस्ताव आला तेव्हा साहेबांनी तो बाणेदारपणे फेटाळला. परिपत्रकात शब्द 'निराधार' आहे, आपलं कार्यालयही निराधारांचं आहे, आणि निराधाराला भंगारात घालणारं कार्यालय अशी आपली ओळख त्यांना नको होती. रीतसर अर्ज करा, म्हणाले. आमच्या कार्यालयाच्या वर निवासगृह आहे. त्यातली पूर्वेची एक खोली रिकामी झाली होती. मोठी खिडकी, शांतता, भिंतीत कपाट.

थोरल्यांचा अर्ज झाला. वयाचा पुरावा पाठीवर चिकटवलेलाच होता. हयातीच्या दाखल्यासाठी डॉक्टर आले. त्यांनी थोरल्यांच्या कुशीला हात लावला, आतल्या पंख्याला कान लावला आणि लिहिलं, 'अंग कोमट. श्वास जड, पण नियमित.' नातेवाइकांबद्दल कंपनीला विचारलं, तर उलट टपाली उत्तर आलं, की या मॉडेलशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही, कृपया पुन्हा संपर्क करू नये. असं स्वच्छ निराधार प्रकरण कार्यालयाच्या इतिहासात आलं नव्हतं. बाकीच्या प्रकरणांत कुठून तरी एखादा भाचा निघतो.

पण त्या खोलीसाठी आणखी एक अर्ज होता. अण्णांचा.

अण्णा म्हणजे साहेबांचे वडील. गेले काही महिने साहेब गाडीतून उतरले की मागच्या दारातून अण्णा उतरत. हातात पाण्याची बाटली आणि घडी केलेला पेपर. साहेब केबिनमध्ये जात, अण्णा बाकावर. घरी नूतनीकरण चाललं होतं. नव्या आराखड्यात सगळं भिंतीत बसवलं होतं: पलंग भिंतीत, टेबल भिंतीत, दिवे छतात. अण्णांची शिसवी खाट तेवढी कुठेच बसेना, आणि खाट बसेना म्हटल्यावर अण्णा कुठे बसणार? सूनबाईंनी म्हणे मिस्त्रीला तीनदा विचारलं. मिस्त्री म्हणाला, "जुनं माप आहे, नव्यात सपोर्ट नाही."

अण्णांचं काही अडलेलं नव्हतं. जिना चढत, स्वतःचे कपडे स्वतः धूत, आणि दुपारी खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसत, कारण थोरल्यांच्या पाठीची ऊब त्यांच्या गुडघ्यांना बरी वाटे. "आमचं जमतं," ते ताईंना सांगत. "दोघंही सुरू व्हायला वेळ घेतो, पण एकदा सुरू झालो की बंद करायला माणूस लागतो."

हे सगळं आम्हाला दिसत होतं. अर्ज कोणी लिहिला, अक्षर कोणाचं, सही घेताना अण्णांना चष्मा दिला होता का, तेही माहीत होतं. पण साहेबांच्या घरचं आपण कशाला बोला, म्हणून आम्ही खिडकीतून बाहेर बघायचो. कार्यालयाला खिडक्या भरपूर आहेत.

निवड समिती बसली. साहेब अध्यक्ष. डॉक्टर, निवासगृहाच्या बाई आणि तांत्रिक सल्लागार म्हणून दुरुस्तीवाला. इतिवृत्त टिपायला ताई, त्यांच्यासमोर तेवढ्यापुरते टेबलावर घेतलेले थोरले, फायली पुरवायला मी; धाकटे अजून सर्व काही तयार करत होते. अण्णांना साक्षीसाठी आत बोलावलं होतं.

गुणांकन सुरू झालं आणि अण्णा मागे पडायला लागले. जिना चढता येतो? अण्णांना येतो, थोरल्यांना येत नाही, गुण थोरल्यांना. स्वतःच्या हाताने जेवतात? पुन्हा थोरल्यांना. स्मरणशक्तीच्या रकान्यात अण्णांना जरा आशा होती, कारण ते चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. पण डॉक्टर म्हणाले, तेवढं तर मीही करतो. साहेबांनी कॉलर सैल केली. एक यंत्र त्यांच्या वडिलांची जागा खाऊन जाणार होतं, आणि तेसुद्धा त्यांनीच सही करून पुढे पाठवलेलं.

शेवटचा रकाना राहिला: 'आधार देणारे कोणी आहे काय?' थोरल्यांपुढे कंपनीचं पत्र जोडलेलं होतं. अण्णांपुढचा रकाना कोरा.

निवासगृहाच्या बाई म्हणाल्या, हा रकाना ऐच्छिक समजता येईल का? डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दुरुस्तीवाल्याने सुचवलं, की आधार असणं आणि आधार सुरू असणं या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी आधार असतो, पण सेवा बंद केलेली असते. साहेबांनी इतक्या कृतज्ञतेने कोणाकडे पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. 'तांत्रिक निराधार' असा नवा वर्ग करावा आणि खोली आधी त्या वर्गाला द्यावी, असं जवळपास ठरलंच. कोणी हरकत घेतली नाही. पूर्वेची ती खोली आमच्यातल्या प्रत्येकाने येता-जाता आपल्या घरच्या कोणासाठी तरी एकदा डोकावून पाहून ठेवली होती. तुम्हीही पाहिली असती. उजेड छान येतो.

"अण्णा, नियमाप्रमाणे विचारावं लागतं," साहेब कागदाकडे बघत म्हणाले. "आधार देणारं कोणी आहे का?"

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. शाळेत तोंडी परीक्षेला उभा राहिला की त्याला असाच घाम फुटायचा, आणि खिडकीबाहेर उभे राहून अण्णा त्याला ओठांनी उत्तर सांगायचे, हे त्यांनी मागे ताईंना सांगितलं होतं. आताही त्यांनी मान हलवून त्याला उत्तर सांगितलं.

"लिही गं बाई," ते ताईंना म्हणाले. "कोणी नाही, असं लिही."

थोरल्यांच्या पडद्यावर रकान्यात रेघ लुकलुकत होती. ताईंची बोटं कीबोर्डवर होती, पण टकटक काही ऐकू येईना. मग त्या पुटपुटल्या. पुटपुटल्या त्यांच्या नेहमीच्याच आवाजात, फक्त या वेळी बेत चुकला आणि टेबलाच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"असं कसं लिहू अण्णा? तुमचा मुलगा समोर बसलाय."