आणखी दोन शिट्ट्या

अन्नपूर्णा भागातील आमच्या इमारतीत कोणाच्याही स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, की समोरच्या खिडकीतून वसंतराव शितोळे यांचा आदेश सुटत असे : "वहिनी, गॅस बंद नका करू! आणखी दोन होऊ द्या!"

हे गृहस्थ पोलोग्राउंडच्या एका सोया कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. परक्याच्या शेगडीवर हुकूमत गाजवण्याचा अधिकार त्यांना कोणत्या कायद्याने दिला, असे मी सोसायटीच्या सचिवांना लेखी विचारले. पाठोपाठ स्मरणपत्रही धाडले. उत्तर आले नाही. अखेर मी स्वतःच जाब विचारायला गेलो.

"अरे वकीलसाहब, बसा तो सही!" शितोळे म्हणाले. मी वकील नाही; न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घट्ट घडी घातली आणि एकच टोक बाहेर ठेवले.

"ये देखो. कच्च्या दाण्यात एक प्रोटीन असतं, अशी घडी घातलेलं. आपल्या पोटातली एंझाइम म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या कात्र्या. हे टोक कात्रीच्या तोंडात नेमकं बसतं. कात्री चावते, पण ते तुटत नाही आणि सुटतही नाही. कात्री जाम!"

"शिट्टीचा संबंध सांगा."

त्यांनी रुमाल झटकला. "आता टोक कुठंय? कपडा तोच, धागा तोच. आकार गेला, की अडवायची ताकद गेली. आच एवढंच करते. पण काही घड्यांना आतून टाके असतात. त्या जल्दी उलगडत नाहीत. म्हणून आणखी दोन."

"माझ्या पोटातील कात्र्यांचे पालकत्व मी आपणास दिलेले नाही," मी म्हणालो.

"तुमच्या नाही हो," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले.

आत त्यांच्या पत्नी सुमनताई पडून होत्या. या कात्र्या जिथे तयार होतात, ते त्यांचे स्वादुपिंड जवळजवळ निकामी झाले होते. डॉक्टर त्याच कात्र्यांच्या गोळ्या देत. पण अंगच्या म्हणाव्यात अशा कात्र्या थोड्याच उरल्या होत्या. आणि इमारतीतल्या बायका प्रेमाने त्यांना वाट्या पाठवत : कधी वाल, कधी चवळी, कधी राजमा.

"ती कुणाला नाही म्हणत नाही," शितोळे म्हणाले. "घराबाहेर पडत नाही ना आता. वाटी आली, की म्हणते, आज जोशांकडे जाऊन आले. मग वाटी पाठवू नका असं कसं सांगू, भिया?"

दारात वाटी आली, की ते आधी एक दाणा बोटांत दाबून पाहत. तो पुरता मऊ लागला, तरच वाटी आत जाई.

तक्रार मी मागे घेतली नाही; तत्त्वाचा प्रश्न होता. पुढची पत्रे मात्र पाण्याच्या टाकीविषयी लिहिली.

या उन्हाळ्यात सुमनताई गेल्या. वाट्या थांबल्या आणि खिडकीतला आवाजही थांबला. कुकर बिनविरोध वाजू लागले. आजवर मी प्रत्येक गोंगाटाविरुद्ध तक्रार केली आहे. या शांततेविरुद्ध करावी, तर नियमावलीत कलम सापडेना.

काल कुसुमने, माझ्या पत्नीने, राजम्याची उसळ केली. वाटी घेऊन मीच गेलो. शितोळ्यांनी ती घेतली. दाणा दाबून पाहिला नाही. सरळ चमचाभर तोंडात घातला. त्यांच्या दातांखालचा कचकच आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"कच्चा राहिलाय," मी म्हणालो.

"हां. चलता है. आता कुणाच्या कात्र्या वाचवायच्यात?"

मला भयंकर संताप आला. मी वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली, घरी आलो, उसळ पुन्हा कुकरमध्ये ओतली आणि खिडकी सताड उघडली.

शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या.

"अहो, बंद करा ना!" कुसुम धावत आली. "पार लगदा होईल त्याचा!"

"होऊ दे," मी म्हणालो. समोरून आदेश आल्याखेरीज गॅस बंद करणे मला नियमबाह्य वाटत होते.