बादलीच्या कडेवरचं वाळवंट

सौंदर्य बघायला नजर लागते, आणि ती माझ्याकडे आहे! लेकीला जुळं झालं, बायको तिच्याकडे गेली आणि रिकाम्या घरात माझी ही नजर एकदम उघडली. तोवर मला बादली म्हणजे बादली दिसायची. आता मोबाईल जवळ नेला की तिच्या कडेवर वाळवंट! ओट्यावरच्या डागांत बेटं, खिडकीच्या धुळीत लाटा! दिवसभर रांगत रांगत मी फोटो काढायचो. खरं सांगू? तेवढा वेळ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष जात नसे.

एकदा बादलीचा असा फोटो निघाला की मीच गहिवरलो. पांढुरक्या खपल्या, मधे तांबूस ठिपके! लगेच जावयांना पाठवला. जावई डॉक्टर, पण मनानं रसिक. त्यांचा तडक फोन.

"बाबा, हे कधीपासून?"

"तुमच्या सासूबाई तिकडे आल्यापासून!"

"वाढतंय?"

"रोज! आता माझ्या हातात काही राहिलं नाही!"

"खाज सुटते?"

"भयंकर! अर्धी अंघोळ टाकून बाहेर येतो!"

"कुणाला दाखवलंत?"

"शेजाऱ्यांना. बघितलं आणि दार लावून घेतलं!"

त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला. मला वाटलं, माणूस भारावला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात बायको! केस विस्कटलेले, हातात बॅग, बसमधून थेट. इतके दिवस जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की मी उठून उभा राहायचो हो!

"शर्ट काढा!" ती म्हणाली.

"अगं, दार तरी लावू दे!"

"काढा म्हणते ना! पाठीवर आलंय की पोटावर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुकाट्यानं तिला बादली दाखवली. ती बादलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग मोबाईल हिसकावून एकेक फोटो बघू लागली. बघता बघता तिचे डोळे भरून आले. चला, हिला तरी कला कळली!

"कसे वाटले?"

"हे... हे माझं घर आहे?"

बाह्या सरसावून ती जी सुटली! वाळवंट गेलं, बेटं बुडाली, लाटा ओसरल्या. मी फडकं घेऊन तिच्या मागे मागे फिरत होतो. काम कमी, बघणंच जास्त. घासता घासता ती सांगत होती, एका नातवाचे कान अगदी माझ्यासारखे आहेत म्हणून.

"राहतेस ना आता?" मी हळूच विचारलं.

तिचा हात थांबला. "पोरगी एकटी पडेल हो."

सकाळच्या बसला मी तिला सोडायला गेलो. बस वळताना तिनं खिडकीतून मागं बघितलं, हात हलवला. तेवढ्यात मी फोटो काढला! म्हटलं, आता रोज हाच बघायचा.

घरी येऊन फोटो पाहतो तर काय! एका कोपऱ्यात तिची दोन बोटं, आणि बाकी सगळीकडे माझा अंगठा!