वेदनामुक्त कोसमटोला

कोसमटोल्याच्या केसरबाईचे गुडघे दुखत होते. ही बाब शासनाच्या निदर्शनास येण्यापूर्वी बरीच वर्षे ती फक्त केसरबाईच्या निदर्शनास होती.

पण गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याला नवी कचेरी, नवी जीप आणि नवी उद्दिष्टे मिळाली होती. त्या वर्षीच्या उद्दिष्टांत 'वेदनामुक्ती' हा विषय होता. मार्चअखेरपर्यंत प्रत्येक आरोग्य केंद्राने निदान एक गाव पूर्णपणे वेदनामुक्त करून दाखवायचे होते. आरमोरीच्या बाजूच्या एका केंद्रावर नागपूरहून आलेले डॉक्टर लांजेवार होते. त्यांनी कोसमटोल्याची निवड केली, कारण जीप तिथपर्यंत जात होती.

डॉक्टरांजवळ खात्याने पाठवलेली लाकडी वेदनापट्टी होती. एका टोकाला हिरवे शून्य, दुसऱ्या टोकाला लाल दहा. रुग्णाने बोट ठेवायचे, डॉक्टरांनी आकडा लिहायचा.

"बाई, गुडघे किती दुखतात? इथे बोट ठेवा."

केसरबाईने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "दुखते तं दुखते जी, त्याचं काई नाई. मले बसाले येत नाई. अन् बसली तं उठाले येत नाई. मोहाचे दिवस आले. झाडाखाली बसाचं हाये मले."

"ते नंतर पाहू. आधी आकडा."

"आकडा कायचा? तिकडं फुलं पडून राह्यले, म्हनते मी."

डॉक्टरांनी आठ लिहिले. उठण्या-बसण्यासाठी पट्टीवर जागा नव्हती. पट्टी पुण्याहून आली होती, आणि पुण्याला लोक खुर्चीवर बसत.

केसरबाईची घाई समजण्यासाठी मोहाचा कायदा माहीत हवा. जंगल सरकारचे असते, पण ज्याने मोहाखालचा पाला झाडून जाळला, त्या हंगामाची फुले त्याची. पहाटे गळलेली फुले उन्हाच्या आत एकेक करून वेचावी लागतात, उकिडवे बसून, सरकत सरकत. एखाद्या वर्षी खराटा फिरला नाही किंवा फुले तशीच पडून राहिली, तर झाड मोकळे समजले जाते, आणि मोकळ्या झाडाला वारस लगेच मिळतो. नाल्यापलीकडच्या मोठ्या मोहाखाली केसरबाई लग्न होऊन आल्यापासून बसत होती. त्या झाडाची वारस तयार होती. ती म्हणजे केसरबाईची धाकटी जाऊ रंभा. रंभाचे गुडघे शाबूत होते आणि खराटा नवीन होता.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. औषध चांगले होते. सकाळपर्यंत केसरबाईचे बोट लाल टोकाकडून हिरव्या टोकाजवळ आले. डॉक्टर खूष झाले. केसरबाईही खूष झाली, आणि टोपली घेऊन सरळ मोहाखाली गेली. तिसऱ्या दिवशी बोट पुन्हा लाल टोकापाशी होते.

डॉक्टरांनी शास्त्रीय पद्धतीने चौकशी केली.

"गोळी घेऊन तुम्ही काय केलं?"

"मोह येचला."

"पण का?"

"मंग गोळी कायले देल्ली होती जी?"

"दुखणं थांबावं म्हणून!"

"हव. पर दुखनं थांबून मानसानं काय कराचं?"

या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात नव्हते. डॉक्टरांनी रात्रभर विचार केला आणि ते एका निष्कर्षाला आले. औषध निर्दोष होते. गुडघाही आपल्या जागी बरा होता. मध्ये केसरबाई येत होती. गुडघा वापरला की दुखतो; न वापरलेला गुडघा दुखत असल्याचे एकही उदाहरण त्यांना आठवेना. म्हणजे वेदनेचे मूळ कारण वापर हे होते, आणि मूळ कारणावर उपचार करणे हेच खरे वैद्यक.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीची खुर्ची केसरबाईच्या ओसरीवर आली. खाली बसायचे नाही, उभे राहायचे नाही, पायरी चढायची नाही, चालायचे तर मुळीच नाही. केसरबाई खुर्चीत बसली आणि तिने पट्टीवर शून्यावर बोट ठेवले. तिथपर्यंत हात पोचत होता.

हा उपाय इतका गुणकारी ठरला, की गावातल्या सगळ्या दुखऱ्या गुडघ्यांना तो लागू करण्यात आला. लहानू कोतवाल बसला, अंजनाबाई बसली, बापूजी बसले. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा शाळेतल्या आणल्या. त्यामुळे हेडमास्तर गुणवंतराव यांना दिवसभर उभे राहून शिकवावे लागले आणि त्यांचे गुडघे दुखू लागले. ते रीतसर रुग्ण झाले, आणि त्यांना उपचार म्हणून शाळेची खुर्ची देण्यात आली. ती त्यांनी ओळखली. फक्त आता ती त्यांच्या घरी होती आणि शाळेला सुट्टी होती.

काही दिवसांनी लहानूने एक तक्रार केली. "डाक्टरसाहेब, माह्याच्यानं आता उठनंच होत नाई."

"दुखतं का पण?"

"उठलोच नाई तं दुखन कसं?"

"मग झालं तर!" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी लहानूच्या पाठीवर थाप मारली.

केसरबाईची कुरकूर मात्र चालूच होती. रोज सकाळी रंभा नवा खराटा खांद्यावर टाकून ओसरीसमोरून जाई आणि मुद्दाम थांबे.

"बाई, बरं हाये ना? बसून राहा तुमी. झाडाची काळजी करू नोका. मी हावो ना."

"तू हायेस, तेच तं दुखते मले," केसरबाई म्हणे. पण ही वेदना गुडघ्यात नसल्यामुळे मोहिमेत बसत नव्हती.

डॉक्टर मनाचे वाईट नव्हते. बाईला झाडाकडे जाता येत नसेल तर झाड बाईकडे आणावे, असे त्यांनी वनखात्याला कळवून पाहिले. झाड सरकारी आहे आणि त्याची बदली करण्याचे अधिकार वरिष्ठांना आहेत, असे उत्तर आले.

मार्च संपत आला आणि पाहणीचा दिवस उजाडला. मोठे साहेब दुपारी येणार होते. सकाळी डॉक्टर खुर्च्या तपासत निघाले, तर केसरबाईची खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी जीप सरळ नाल्यापलीकडे घेतली.

मोहाखाली केसरबाई एका बुटक्या लाकडी पिढ्यावर बसली होती. एक पाय लांब केलेला. हाताला येतील तेवढी फुले वेचायची, मग "आई वो" म्हणत काठीच्या आधाराने पिढे पुढे सरकवायचे आणि पुन्हा बसायचे. टोपली निम्मी भरली होती. थोड्या अंतरावर रंभा खराटा टेकून उभी होती.

"घेऊन जा जी बाईले," रंभा कळवळून म्हणाली. "पाय खराब होतीन बिचारीचे."

"माह्या पायाची लय फिकर पडली इले!" केसरबाई मान वर न करता म्हणाली. "माह्या झाडाखाली आली नसती तं दिसलेही नसते तुले माहे पाय."

"बाई, दुखतंय ना?" डॉक्टरांनी जीपमधून उतरता उतरता विचारले.

"दुखून राह्यलं ना. सकाळी तुमची एक गोळी खाल्ली, मंग निंगाली. दुखते, पर येचनं होते."

"अहो, पण गाव वेदनामुक्त झालं आहे! आज साहेब येताहेत!"

"मंग येऊ द्या ना. मी गावात कुठी हावो? मी तं जंगलात हावो."

डॉक्टर थबकले. त्यांनी नाल्याकडे पाहिले, वनखात्याच्या हद्दीच्या दगडाकडे पाहिले आणि केसरबाईकडे पाहिले. ती दगडाच्या पलीकडे होती. तिचे गुडघे तिच्यासोबतच होते. जंगलातले दुखणे वनखात्याकडे जाते. त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरले.

आता फक्त खुर्ची भरायची राहिली होती.

"तुम्ही येता का?" त्यांनी रंभाला विचारले. "जीपनं नेतो."

रंभा जीपमध्ये कधी बसली नव्हती. तिने एकदा झाडाकडे पाहिले, एकदा जीपकडे. खराटा तिथेच राहिला.

"अवं, ने ना तुहा खराटा!" केसरबाई ओरडली, पण जीप सुरू झाली होती.

पाहणी उत्तम झाली. साहेबांनी पाहणीपुरत्या माणसांसकट चौकात आणून मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवून विचारले, "कुणाला काही दुखतं?" कुणालाही दुखत नव्हते. "उठता येतं का?" असे साहेबांनी विचारले नाही, कारण ते स्वतः खुर्चीत बसल्यानंतर दोन शिपायांशिवाय उठत नसत आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे. फोटोसाठी सगळ्यांनी उभे राहावे अशी सूचना फोटोग्राफरने केली. ती अव्यवहार्य ठरली. शेवटी बसूनच फोटो निघाला. तो वार्षिक अहवालात छापून आला आहे. त्यात अधिकारी कोण आणि रुग्ण कोण, हे खाली लिहिलेले आहे म्हणूनच कळते.

रंभाला खुर्ची मानवली. उरलेला हंगाम ती केसरबाईच्या ओसरीवर तिच्यातच बसून होती. केसरबाई रोज टोपली डोक्यावर घेऊन नाल्याच्या काठाने कण्हत, थांबत, पुन्हा चालत घरी येई, आणि ओसरीपाशी मुद्दाम उभी राही.

"बरं हाये ना, रंभा? बसून राहा तू."

कोसमटोला नमुना आता इतरत्र लागू करण्याचा प्रस्ताव आहे. त्याआधी सुशिक्षित वर्गाची एक चाचणी घ्यावी, असे वरून सुचवण्यात आले होते. ती चाचणी आत्ताच पूर्ण झाली. एवढे सगळे आपण वाचलेत आणि जागचे हलला नाहीत. कुठे काही दुखले का? नाही ना? मग आपल्यालाही वेदनामुक्तांत धरले आहे.