उजवी बाजू बारीक

स्वतःचा इअरफोन स्वतः विकत घ्यायचा, असं मी ठरवलं आणि सोसायटीत तोंड दाखवायची सोय घालवून बसलो. शेजारचा अभिनव त्याचा महागातला इअरफोन द्यायला तयार होता. "काका, दोन दिवस ठेवा," असं बिचारा दारात उभा राहून म्हणाला. पण दुसऱ्याच्या कानात जाऊन आलेली वस्तू मी माझ्या कानात घालत नाही. (टूथब्रश नाही का आपण वेगळे ठेवत?)

इअरफोनची गरज का पडली तेही सांगतो. मी लवाटे. सहकारी बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. सगळं आयुष्य नारायण पेठेत गेलं आणि म्हातारपणी मुलीच्या हट्टापायी शहराबाहेर मांजरी गावात येऊन पडलो. सोसायटीचं नाव 'शुगरकेन व्हिस्टा'. ऊस तोडून इमारती बांधल्या आणि उसाचं नाव तेवढं पाटीवर ठेवलं. इथे मला कोणी ओळखत नाही. पेठेत मी मैफलीला गेलो की लोक सरकून जागा द्यायचे. इथे लिफ्टमध्येसुद्धा कोणी सरकत नाही.

पण एक मान मात्र मला इथे मिळाला. सोसायटीच्या दिवाळी पहाट गायन स्पर्धेचा मी परीक्षक आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला चेअरमन रविराजदादा स्वतः घरी आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "काका, गाण्यातलं तुम्हालाच कळतं. तुम्हीच नंबर काढायचे." या एका वाक्यावर मी मांजरीत दिवस काढतोय. खोटं कशाला बोलू, वर्षातली तेवढी एक सकाळ सोडली तर मला उठायला दुसरं कारण नाही. दरवर्षी पहिला नंबर रविराजदादांच्या मिसेस शालूवहिनींना जातो, हा योगायोग. त्यांचा आवाज मला फार मऊ वाटतो. माझ्या निकालावर आजवर कोणी ब्र काढलेला नाही.

यंदा स्पर्धक वाढले म्हणून प्राथमिक फेरी मोबाइलवर घ्यायचं ठरलं. सगळ्यांनी गाणं रेकॉर्ड करून मला पाठवायचं आणि मी घरी बसून निवड करायची. मोबाइलच्या त्या भोकातून गाणं ऐकून न्याय देणं मला पटेना. म्हणून इअरफोन.

आधी अभ्यास केला. यूट्यूबवर स्वस्तातले इअरफोन पारखणारी पोरं असतात. त्यातला एक म्हणाला, बेस पंची आहे. दुसरा म्हणाला, व्होकल्स क्रिस्प आहेत. (व्होकल्स म्हणजे काय उडदाचे पापड आहेत?) तिसऱ्याने डोळे मिटून, मान हलवून 'या किमतीत याहून चांगला मिळणार नाही' असा निर्वाळा दिला आणि लगेच डोळे उघडून तेच वाक्य दुसऱ्या डब्याबद्दल म्हटलं. मी ठरवलं, आपल्या कानावर विश्वास ठेवायचा. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून तयार केलेला कान आहे हा.

खरेदी अर्थातच नारायण पेठेत. मांजरीत दुकानं आहेत, पण तिथे दुकानदार गोड बोलतात, त्यामुळे मला संशय येतो. सुदर्शनच्या दुकानात तसलं भय नाही. काउंटरच्या मागे पाटी आहे, 'ऐकून बघायचे असल्यास विकत घ्यावे.' मी पाचशेच्या आतला एक वायरवाला इअरफोन मागितला.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"येतो," सुदर्शन म्हणाला.

घरी येऊन आधी चष्मा लावून कुठल्या टोकावर एल आहे आणि कुठल्यावर आर ते बघितलं. एल डाव्या कानात, आर उजव्यात. मग तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. डावीकडे तंबोरा कसा दणदणीत! आणि उजवीकडे? उजवीकडे जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी तंबोरा लावतंय. दुसऱ्या दिवशी बस बदलत पुन्हा पेठेत गेलो.

"उजवी बाजू बारीक आहे," मी म्हणालो.

सुदर्शनने तो स्वतःच्या कानात घातला, काढला आणि काही न बोलता दुसरा डबा पुढे सरकवला. त्याने वाद घातला नाही म्हणजे माल खराब आहे हे त्याला माहीत आहे, असं मी अनुमान काढलं. दुसऱ्याचीही उजवी बाजू बारीक. तिसऱ्या वेळी मी कंपनीच बदलली. त्याचीही उजवी बारीक! म्हणजे सगळा धंदाच असा. डाव्या बाजूला माल भरायचा आणि उजवीला पाणी घालायचं. गिऱ्हाईक काय, दोन्ही कानांनी मिळून ऐकतं, त्याला काय कळतंय?

"बघू," बायको म्हणाली. कल्याणीने हात पुसले आणि ती दोन टोकं हाताला येतील तशी कानात खुपसली. "मला तर दोन्हीकडे सारखंच येतंय."

"अगं, उलटे घातलेस तू! एल उजव्या कानात आहे तुझ्या!"

"मग? ऐकू येतंय ना?"

"येणारच नाही नीट. त्यावर लिहिलंय ते काय शोभेला? लिहिलंय तसं घालायचं."

"तुम्ही एकदा उलटे घालून बघा की."

"मी?" मी म्हणालो. "मी कधी डावी चप्पल उजव्या पायात घातली आहे का?"

तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि आत भाजी परतायला गेली. मला वाटलं, पटलं तिला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण सहन करण्याची सवय पेठेतल्या माणसाला नसते. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'सर्व सभासदांस सावधगिरीची सूचना. स्वस्त इअरफोनमध्ये उजव्या बाजूचा आवाज मुद्दाम कमी ठेवून ग्राहकांची फसवणूक होत आहे. सदोष यंत्रावर ऐकून मी कोणावरही अन्याय करणार नाही. प्रश्न सुटेपर्यंत प्राथमिक फेरीचा निकाल स्थगित.'

पहिला निरोप अभिनवचा आला. तो आयटीत आहे, दिवसभर कानात काहीतरी घालूनच बसतो. 'काका, सेम इश्यू! रफ वापरायला मीपण असलाच घेतलाय. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय.' मग धबधबा सुरू झाला. ज्याच्या त्याच्या घरी उजवी बाजू बारीक निघू लागली. दुसऱ्या कंपन्यांच्या निघाल्या, महागातल्या निघाल्या. बी विंगमधल्या एका बाईंनी तर टीव्हीची उजवी बाजू बारीक असल्याचं कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढे लोक माझं ऐकत होते. मी चहा जास्त साखर घालून प्यायलो.

आणि रविराजदादांचा फोन आला. "काका, आपल्या माणसांना फसवतंय म्हंजे काय? गाडी काढतो. उद्या जाऊ सगळे."

गाडीत पुढे दादा, मागे मी, अभिनव आणि कल्याणी. कल्याणी का आली, तर तिला मंडईत सुरण घ्यायचा होता. मी नको म्हणत होतो. "राहू दे हो ते सगळं. मळ बिळ असेल, आधी डॉक्टरला दाखवा," असं ती वाटेत दोनदा पुटपुटली. "मळ इअरफोनमध्ये नसतो," असं मी तिला सुनावलं. दादा आरशातून तिच्याकडे बघत होते आणि ती खिडकीबाहेर.

सुदर्शनचं दुकान एकला बंद होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो शटरच्या दिशेने निघाला होता. चौघांना बघून परत फिरला.

"मिरवणूक?" त्याने विचारलं.

"आमच्या काकांना तीन वेळा बनवलं तुम्ही," दादा म्हणाले. "आता आमच्यासमोर नवीन डबा फोडायचा. काका ऐकतील. काकांचा कान म्हंजे काय साधा न्हाय."

नवा डबा फुटला. दुकानासमोर रस्त्यावरची दोन-तीन माणसं आपोआप थांबली. (पेठेत कोणी भांडणासाठी वेगळा वेळ काढत नाही, जाता जाता बघतात.) माझा ऊर भरून आला होता. चष्मा कपाळावर तसाच राहिला, दोन्ही टोकं उचलली, कानात घातली आणि सुदर्शननेच लावलेला तंबोरा ऐकू लागलो. उजवी बाजू बारीक! पुन्हा बारीक! मी उजव्या कानातलं टोक उपसून काउंटरवर आपटलं.

"ही बघा! ही! हिच्यात जीव नाही!"

सुदर्शनने ते टोक उचललं, उजेडात धरलं आणि दादांच्या समोर केलं. "काय लिहिलंय?"

"एल," दादा म्हणाले.

"एल म्हणजे?"

"लेफ्ट," अभिनव म्हणाला. आणि पुढे त्या गाढवाने अगदी निष्पापपणे विचारलं, "म्हणजे आता डावी बाजूसुद्धा खराब यायला लागली?"

मी ते एल लिहिलेलं टोक हळूच डाव्या कानात घातलं. तंबोरा दणदणीत वाजत होता. आर उजव्यात घातलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी तंबोरा लावत होतं.

"इअरफोन बदलून मिळतात," सुदर्शन म्हणाला. "कान आम्ही ठेवत नाही." आणि त्याने शटर निम्मं खाली ओढलं.

रस्त्यावरची माणसं हसत पांगली. अभिनवने आपला इअरफोन खिशातून काढून कानात घालून बघितला आणि खजील होऊन म्हणाला, "माझं नीट आहे, काका." कल्याणीने माझा दंड धरला. तिथे रस्त्यात मला रडू येईल असं वाटत होतं. "चला, सुरण घेऊ," ती म्हणाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सुरण निवडताना एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली. मळ नव्हता. मळ निघावा अशी मी मनापासून इच्छा केली होती. नस अधू झाली आहे म्हणाले, आजची नाही, बऱ्याच वर्षांपासूनची, हळूहळू होत गेल्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसेल. म्हणजे मैफलीत मी डोळे मिटून ज्याला दाद दिली ते अर्धंच गाणं होतं. वाहवा मात्र मी पूर्ण केली.

ग्रुपवर माफी मागितली. त्याला हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. टीव्हीवाल्या बाईंनी लिहिलं, 'आमच्या टीव्हीचं मात्र खरंच आहे.'

आता राहिली होती परीक्षकपदाची गोष्ट. एक कान गेलेला माणूस गाण्याचा न्याय कसा करणार? लाज होती, पण अजून थोडी अब्रूही होती. संध्याकाळी मी रविराजदादांच्या घरी गेलो. आतून शालूवहिनींचा रियाज चालू होता. मी मुद्दाम डावा कान दाराकडे करून बसलो. एवढ्या जवळून, चांगल्या कानाने, शालूवहिनींना मी कधीच ऐकलं नव्हतं. काय सांगू! मिक्सरमध्ये चमचा राहिला की होतं ना, तसं काहीतरी चालू होतं. मी घाईघाईने कान फिरवला. आवाज मऊ झाला.

"दादा, मी राजीनामा द्यायला आलोय," मी म्हणालो. "माझा उजवा कान गेलाय. मला परीक्षक राहण्याचा अधिकार नाही."

दादांनी दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ सरकून बसले.

"काका, राजीनामा कशाला? आम्हाला पहिल्यापास्नं म्हाईत हाय."

"माहीत आहे? मग मला परीक्षक का केलंत?"

"आता तुम्हीच बघा," दादा आवाज खाली आणून म्हणाले. "तुमच्या आधी एक गाण्याचे मास्तर आणले होते. दोन्ही कान ठणठणीत. हिचं गाणं निम्मं झालं आन् ते उठून पार्किंगमधी जाऊन बसले. हिने महिनाभर चूल पेटवली न्हाय. तुमची खुर्ची आम्ही स्टेजच्या त्या टोकाला का ठेवतो? सगळा स्पीकर तुमच्या उजव्या हाताला यावा म्हणून. तुम्ही सोडलंत तर आम्ही दुसरा असा माणूस कुठनं आणायचा? हात जोडतो काका, घरात शांतता राहू द्या माझ्या."

चहा आला. तो शालूवहिनींनी स्वतः आणला आणि "यंदा जरा अवघड चीज घेतलीय हं काका," असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. हे मला येतं.

घरी येईपर्यंत मी मनाची बरीच समजूत घातली होती. काही झालं तरी चेअरमनने आपल्यापुढे हात जोडले, हे खोटं नाही. कल्याणी सुरण चिरत होती.

"घेतला का राजीनामा?" तिने विचारलं.

"नाही घेतला," मी जरा ताठ होऊन म्हणालो. "तुमच्यासारखा दुसरा माणूस आम्हाला मिळणार नाही म्हणाले."

"हो," सुरणावरून नजर न काढता कल्याणी म्हणाली. "आपण इथे आल्यावर तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागलात, तेव्हा तुमच्या उजव्या कानाचं मीच जाऊन सांगितलं होतं त्यांना."