आत्यासाहेबांच्या स्वारीची आणि लपविलेल्या कडेलोटाची हकीकत

श्रीहरीचे चरणी मस्तक ठेवून, टाळकऱ्यांस आणि श्रोतेमंडळीस हात जोडून, आणि उतारावर ज्यांचे पोटात गोळा येतो त्या समस्त प्रामाणिक जीवांस अगोदर दंडवत घालून ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्ष. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा लिहिणारास राग आलासा दिसला तर वाचणारांनी तो संवत्सराचे माथी मारावा.

एक राज्य होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण सांगितले तर शेजारची राज्ये म्हणतील की आमच्याकडेही ऐसेच चालते, आणि ते खरे निघेल. राज्य सुखी, पाऊसपाणी बरे, देवळात नित्य कीर्तन, आणि रयत इतकी भाविक की बुवांची चिपळी वाजली की चुलीवरचे दूध उतू गेले तरी बाया उठत नसत. परंतु त्या राज्यात एक रीत वाईट पडली होती. नगराबाहेर हिंदोळपूर म्हणोन क्रीडेचे ठाणे होते, आणि तेथे नाना प्रकारची यंत्रे, कोणी माणसास गरगर फिरवी, कोणी उलटे टांगी, आणि कोणी गगनास नेऊन तेथून सोडून देई. त्या शेवटल्याचे नाव कडेलोट मनोरा. पूर्वी राजद्रोह्यास कडेलोट होत असे, तो शिक्षा म्हणोन. आता भले लोक मुलेबाळे घेऊन, रांग लावून, हातात मक्याचे कणीस घेऊन कडेलोटास उभे राहतात, यास काय म्हणावे ते शास्त्र्यांनी सांगावे. बरे, ज्यास आवडते त्याने खुशाल पडावे, आमचा राग त्यावर नाही. राग रीतीवर आहे. रीत ऐसी की जो कोणी यंत्रावरून उतरेल त्याने हसतच उतरावे. पाय लटपटत असोत, ओठ पांढरे पडलेले असोत, सकाळचे पोहे गळ्याशी आलेले असोत, परंतु दात दाखवावे आणि रांगेतल्या मंडळीस सांगावे की ‘काही होत नाही’. आणि जो न हसेल त्यास पुढे लग्नामुंजीत, बारशात, फार काय तेराव्याच्या पंगतीतही, ‘हेच ते, मनोऱ्यावर आईला हाक मारणारे’ म्हणोन ओळख करून देत. त्या भयाने अवघे राज्य भय लपवू लागले.

त्या राज्यात सरकारांच्या वडील भगिनी सगुणाबाई, ज्यांस लहानथोर आत्यासाहेब म्हणत, त्या तरुणपणीच वैधव्य येऊन सासरहून माहेरी परतलेल्या, आणि सरकारांची कन्या मैनाबाईसाहेब यांस त्यांनीच मांडीवर वाढविलेले. आत्यासाहेब भित्र्या म्हणाव्या तर एकदा देवघरात नाग निघाला, तेव्हा सरकारांचे मेहुणे उदाजीराव चौरंगावर चढले आणि आत्यासाहेबांनी नागावर परात झाकली. परंतु अकस्मात खाली पडणे त्यांस सोसत नसे. त्या म्हणत, त्या क्षणी काळीज आपली जागा सोडते, आणि ते जागेवर परत येईलच ऐसी हमी कोणी देत नाही. म्हणोन दरवर्षी हिंदोळपुरास स्वारी गेली की आत्यासाहेब जांभळीच्या झाडाखाली बसत, आणि सगळ्यांच्या वहाणा, चष्मे, पाण्याच्या बाटल्या सांभाळीत, आणि जो तो खाली उतरून त्यांसच हिणवी. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग त्या साली मैनाबाईसाहेबांचे लग्न ठरले, आणि सासर समुद्रापलीकडे, जेथे बर्फ पडते आणि जेथून माहेरास येणे वर्षा दोन वर्षांनी. तेव्हा सरकारांनी विचारिले की लेकी, जाण्यापूर्वी तुझी इच्छा काय, आणि मैनाबाईसाहेब बोलल्या की हिंदोळपुरास एक दिवस जावे आणि आत्याने माझे शेजारी बसावे, झाडाखाली नव्हे. हे ऐकून आत्यासाहेबांनी पदर डोळ्यांस लावला आणि म्हणाल्या की येईन, परंतु कोठे पडायचे आहे ते मला अगोदर समजले पाहिजे. एवढेच त्यांचे मागणे. मग मसलत बसली. उदाजीराव लोडास टेकून बोलले, “त्यात समजायचं काय, आत्यासाहेब? डोळे मिटून घ्यायचे, झालं.” आत्यासाहेब म्हणाल्या, “डोळे मिटून पोट थांबतं होय? तुमचं थांबत असेल तर जेवताना मिटत जा.” सभा हसली आणि उदाजीराव विडा चघळीत राहिले.

मग मोहिमेची आखणी ऐसी जाहली की हिंदोळपुरास जासूद पाठवावे, त्यांनी प्रत्येक यंत्राचे दाराशी उभे राहून उतरणारांस पुसावे की खाली पडल्यासारखे होते काय, आणि त्यावरून आत्यासाहेबांचा मार्ग ठरवावा. जासूद गेले आणि प्रामाणिकपणे पुसून आले. परंतु उतरणारे रीतीप्रमाणे हसत उतरलेले, ते काय सांगणार? लाकडी घोड्यांच्या चक्राविषयी बातमी आली की काही होत नाही. नागगाडीविषयी आली की काही होत नाही. कडेलोट मनोऱ्याविषयी, जेथून उतरलेला एक गृहस्थ भिंत धरून उभा होता, त्याविषयीही तीच. आत्यासाहेबांनी पुसले की घोड्यासही काही होत नाही आणि मनोऱ्यासही काही होत नाही, तर मनोरा एवढा उंच कशास बांधला? अहो, ‘काही होत नाही’ या तीन शब्दांनी या राज्याचे जेवढे वाटोळे केले तेवढे परचक्राने केले नाही. दात उपटणारा हेच म्हणतो, चाकाची हवा गेलेला रिक्षावाला हेच म्हणतो, आणि लेकीस सासरी धाडताना बायाही हेच म्हणतात. आमचे बुवा आख्यानात बाळभक्तास कड्यावरून लोटतात, परंतु पूर्वरंगातच सांगून ठेवतात की श्रोते हो, पुढे कडा आहे, नारायणास घट्ट धरून बसा. म्हणोन दरवर्षी तेच आख्यान ऐकून आम्ही दरवर्षी रडतो आणि तरी घरी सुखरूप जातो. हरिदास श्रोत्यास उंचावर नेतो तो हात धरून नेतो. फसवून नेणे हे कीर्तन नव्हे, ती दरवडेखोरी होय.

असो. मग आत्यासाहेबांनी एकाच माणसाचे शब्दावर जाण्याचे ठरविले, ती मैना. एके दुपारी तिचे केस विंचरता विंचरता पुसले की ती गुहेतली शांतिनौका आहे, तीत तू मैत्रिणींसवे बसली होतीस, तीत पडायचे आहे काय? आता मैनाबाईसाहेबांस पक्के ठाऊक होते की नौका गुहेत हळूहळू चढते आणि शेवटी अंधारात एकदम खाली जाते. परंतु खरे सांगितले तर आत्या नाही म्हणेल, आणि मग शेजारी बसणे राहून जाईल, आणि दिवस तर थोडे उरले, ऐसे मनात आले, आणि आरशात न पाहता त्या बोलल्या, “काही होत नाही गं आत्या. पाणी आहे, दिवे आहेत, छान वाटतं.” माया होती म्हणोन लबाडी केली, आणि मायेची लबाडी सर्वांत वाईट, कारण तिजपुढे माणूस चिलखत उतरवून उभा असतो.

मग पंचमीस स्वारी निघाली. पुढे सरकार, मागे उदाजीराव, बुवा चिपळ्या घेऊन, आणि मध्ये आत्यासाहेब नवी काठपदराची नेसून, आणि वहाणा सांभाळण्यास त्या वर्षी पहारेकरी नेमला. प्रथम लाकडी घोड्यांवर बसल्या, आणि मैनाबाईसाहेबांनी शेजारचा घोडा घेतला, आणि आत्यासाहेब ऐशा प्रसन्न की उतरण्याचे नाव काढीनात. मग नौकेकडे आले. आत्यासाहेब मैनेजवळ बसल्या, मागे सरकार, उदाजीराव आणि बुवा. गुहेत रंगीत दिवे, पाण्याचा खळखळाट, आणि आत्यासाहेब म्हणाल्या की खरेच गं, छान आहे. मग नौका साखळीवर चढू लागली, आणि एकेक दिवा विझू लागला, आणि मैनाबाईसाहेबांचा हात गार पडला. आत्यासाहेबांनी पुसले, “मैने, आपण वर का चाललोय?” मैनाबाईसाहेबांनी त्यांचा हात घट्ट धरला. मग नौका सुटली.

खाली धक्क्यावर ढोल वाजत होता आणि रीतीप्रमाणे माणसे हसू पाहण्यास उभी होती. उदाजीराव हसत उतरले, सरकार हसत उतरले. आत्यासाहेब उतरल्या त्या हसल्या नाहीत. चिंब भिजलेल्या, केस सुटलेले, एका हाताने कठडा धरलेला. उदाजीराव बोलले, “काय आत्यासाहेब, परातीखालचा नाग बरा होता म्हणायचा.” तेव्हा आत्यासाहेबांनी ढोलवाल्यास हाताने थांबविले आणि सर्वांदेखत बोलल्या, “मला भीती वाटली. खूप वाटली. आणि पडण्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही.” ऐसे वाक्य त्या धक्क्यावर पूर्वी कोणी उच्चारले नव्हते.  मग बुवा पुढे जाहले. नौका सुटताना बुवांनी विठ्ठलनामाचा केवढा घोष केला होता, आणि धक्क्यावरच्या भाविकांनी हात जोडले होते. बुवा म्हणाले, “मंडळी, देवाची शपथ घेऊन सांगतो, ती भक्ती नव्हती. मला वाटलं, आता संपलं.” मग एक बाई बोलली की मी मनोऱ्यावर बसले त्या दिवसापासून जिना उतरतानाही कठडा धरते, आणि भिंतीशी उभा एक गृहस्थ बोलला की मला तर दरवेळी ओकारी येते, परंतु मुले पाहात असतात. मग सरकारांनी घसा साफ केला आणि म्हणाले की आमचेही डोळे पहिल्यापासून मिटलेलेच असतात. उदाजीराव कोणाचे काही ऐकत नाहीत ऐसे दाखवून शेला पिळीत राहिले, परंतु शेला कोरडा जाहला तरी पिळणे थांबेना, ते सर्वांनी पाहिले.

मैनाबाईसाहेब रडत होत्या. म्हणाल्या, “खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस.” आत्यासाहेब म्हणाल्या, “ह्या होडीत नसते आले. दुसऱ्या कशात तरी आले असते. तू मला निवडूच दिलं नाहीस.” आणि ओला पदर पिळीत एका बाकावर जाऊन बसल्या, आणि मैनेकडे पाहिनात. दिवस तेथेच संपता आणि लेक ऐशीच समुद्रापलीकडे जाती. परंतु मग ज्याची आशा नव्हती त्याने केले. उदाजीराव बाकाजवळ गेले, उभे राहिले, आणि खाली मान घालून बोलले, “आत्यासाहेब, तो आकाशपाळणा आहे ना, मी बसलोय त्यात. वर थांबतो तेव्हा जरा झुलतो, तिथं मला नाही आवडत. खाली येताना पोटात हलतं, पण पडत नाही. सावकाश येतो. खरं सांगतोय.” आत्यासाहेबांनी पदर पिळणे थांबविले. मग विचारिले की वर थांबतो तो किती वेळ, आणि उदाजीराव म्हणाले की खाली माणसे चढेपर्यंत. मग आत्यासाहेब उठल्या, आणि मैनाबाईसाहेबांस म्हणाल्या, “चल. ह्यात मी माझ्या मनानं येतेय.”

पाळणा वर गेला आणि सांगितल्याप्रमाणे थांबला, आणि सांगितल्याप्रमाणे झुलला, आणि आत्यासाहेबांनी दांडा धरला, परंतु दचकल्या नाहीत. खाली नगर, देवळाचा कळस, नदीचे वळण. तेथे मैनाबाईसाहेब बोलल्या, “आत्या, मला तिकडं जायची भीती वाटते. सगळे म्हणतात काही होत नाही.” आत्यासाहेब म्हणाल्या, “होतं. पहिल्या दिवशी नाही, तेव्हा पाहुणे असतात. पुढं एखाद्या दुपारी, सगळे बाहेर गेलेले असतील, हातात ओलं भांडं असेल, आणि पुसायचं फडकं कुठं असतं तेच तुला ठाऊक नसेल. तेव्हा पोटात खड्डा पडेल. मला पडला होता.” मैनाबाईसाहेबांनी पुसले, “मग?” “मग मला फोन करायचा. हसत करू नकोस. नुसता कर.” आणि मग सासूशी अबोला धरला तर तो कोणी सोडावा, परक्या भाषेत दुखणे कैसे सांगावे, एकटे जेवावेसे न वाटले तर काय करावे, ऐसे एकेक उतार अगोदर सांगू लागल्या. पाळणा खाली आला आणि पाळणेवाल्याने फाटक उघडले, तेव्हा आत्यासाहेब म्हणाल्या, “लाव ते. अजून सांगून व्हायचंय.”

ऐसी ही मोहीम जाहली. यात गड घेतला नाही आणि तहही जाहला नाही. एवढेच की त्या राज्यात धक्क्यावरचा ढोल बंद पडला, आणि आता उतरणारास कोणी पुसले तर तो पडते तेथे पडते म्हणोन सांगतो, आणि तरीही मनोऱ्यापुढची रांग तसूभर कमी जाहली नाही. मैनाबाईसाहेब मार्गशीर्षात सासरी गेल्या. पौषात एके दिवशी आत्यासाहेब कीर्तनास निघाल्या असता फोन वाजला, आणि पलीकडून प्रथम नुसते रडणेच ऐकू आले. आत्यासाहेब उंबऱ्यावर खाली बसल्या, वहाणा काढून ठेविल्या, आणि म्हणाल्या, “हं, सांग.” त्या दिवशी कीर्तन त्यांचेवाचून जाहले. श्रोते हो, इति.