व्याह्यांचे ग्रासकटर

व्याह्यांचे ग्रासकटर पडवीत गंगारामांच्या पुढ्यात होते, पण आता त्याला ग्रासकटर म्हणणे कठीण होते. कार्ब्युरेटर एका वाटीत, पिस्टन दुसऱ्या वाटीत, स्क्रू लांबीप्रमाणे बशांत, आणि प्रत्येक भांड्याखाली नाव लिहिलेली चिठ्ठी. तंत्रनिकेतनात यंत्र शाखा शिकलेल्या माणसाने इंजिन खोलावे ते असेच. फक्त क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा तो पोलादी दांडा, निघत नव्हता. इंजिनाच्या केसचा एक अर्धा भाग सुटला होता. दुसऱ्यात दांडा असा रुतला होता की जणू तिथेच उगवला असावा.

सावर्ड्याच्या महिपतरावांनी दिले तेव्हा यंत्र उत्तम चालत होते. दाभोळच्या बागेतले सगळे गवत त्याने काढले. मात्र चालताना आतून बारीक टिकटिक येई, आणि दुसऱ्याची वस्तू दोषासकट परत करणे गंगारामांना असभ्यपणाचे वाटले. आज संकष्टी. व्याही संध्याकाळी येऊन, चंद्रोदयाला जेवून, यंत्र घेऊन जाणार होते.

"बाबा, अप्पांना कळवू का, उद्या न्या म्हणून?" सून योगिनीने विचारले. महिपतराव तिचे वडील.

"कारण काय सांगशील?"

"खरं ते."

"मग नको."

मुलाचे लग्न ठरवताना 'आमचे बाबा इंजिनिअर' हे वाक्य बैठकीत वारंवार झाले होते. त्याच बाबांनी सुनेच्या वडिलांचे चालते यंत्र खोलले आणि आता ते पुन्हा जोडता येत नाही, ही बातमी सावर्ड्याला पोचली असती तर गंगारामांना तिथे तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्यांनी लाकडी हातोडीने ठोकून पाहिले. दांडा हलला नाही. दारातला कुत्रा तेवढा उठून गेला.

"शास्त्र सोपं आहे," गंगाराम म्हणाले. "ॲल्युमिनियमची केस तापवायची, ती पसरते. पोलादाचा दांडा गार करायचा, तो आकसतो. मग नुसत्या बोटाने निघतो."

"तापवणार कशात?"

गंगारामांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. पत्नी सावित्रीबाई सकाळच्या फेरीबोटीने हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या. ओट्यावर त्यांचे मोदकपात्र घासूनपुसून ठेवले होते. सर्व बाजूंनी सारखी उष्णता देणारे आणि घट्ट झाकणाचे दुसरे भांडे घरात नव्हते.

"बाबा, आईंच्या मोदकपात्रात?"

"मी इंजिन रॉकेलने धुतलंय."

"म्हणूनच म्हणत्ये मी."

पण तोवर पाणी उकळू लागले होते. फ्रीजमधला बर्फ मूठभर निघाला, तेव्हा गंगाराम जेटीवर जाऊन बादलीभर घेऊन आले. दाभोळात बर्फ तिथेच मिळतो. त्याआधी तो कशावर पडून होता, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. तापमान योग्य होते. वाफाळलेली केस चिमट्याने उचलून त्यांनी दांडा बर्फात रोवला आणि बोट लावले. मग दोन्ही हात लावले. मग पाय.

दांडा हलला नाही, आणि सावित्रीबाई परत आल्या.

त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या. रॉकेलचा वास त्यांना ओळखू आला. त्याखालचा दुसरा वासही ओळखू आला, पण आजच्या दिवशी आपल्या घरात तो असू शकतो यावर त्यांचा विश्वास बसेना.

"अहो, पात्रात काय शिजवलंत?"

"शिजवलं नाही. प्रसरण केलं."

"आणि बादलीत?"

गंगारामांनी बादलीत पाहिले. बर्फ वितळत होता, आणि त्यातून एका बांगड्याचे शेपूट डोके वर काढत होते. गंगाराम शेपटाकडे पाहत राहिले. त्यांना खरोखर माहीत नव्हते.

"आज संकष्टी आहे," सावित्रीबाई एवढेच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर गंगारामांना बरे वाटले असते. त्यांनी प्रसादाची पुडी पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि आत पाऊल न टाकता त्या मागीलदारी गेल्या.

गंगारामांनी बादली उचलून पडवीत आणली, तेवढ्यात फाटक वाजले. महिपतराव वेळेआधी आले होते. वाट्यांवर वर्तमानपत्र टाकायला गंगाराम वाकले, तोवर व्याही पायरीवर उभे होते. त्यांनी वाट्या पाहिल्या, चिठ्ठ्या पाहिल्या, बादलीतले इंजिन पाहिले. मग ते तिथेच खाली बसले.

"व्याही, तांत्रिकदृष्ट्या पाहता—" गंगारामांनी सुरुवात केली.

"म्हंजे तुम्हाला कळलं तर," महिपतराव म्हणाले.

"काय कळलं?"

"ह्येच. आधी मी खोललं व्हतं ते."

गंगारामांच्या हातातले वर्तमानपत्र गळून पडले.

"बेअरिंगात दांडा सैल झाला व्हता," व्याही मान खाली घालून सांगू लागले. "पाण्याची टाकी फुटली की लावतात ना, तो मसाला मळला नि बसवला थापून. दगड झाला त्याचा. टिकटिक तवापासनं. आता तो कायबी करा, निघायचा न्हाय."

"तुम्ही क्रँकशाफ्टला टाकीचा मसाला लावलात?"

"मग सांगू कुणाला? तुम्ही पडलात इंजिनिअर. लेकीच्या सासऱ्यासमोर माजी काय पत राहिली असती?" त्यांनी बादलीकडे बोट केले. "पण ह्ये म्हावऱ्याच्या बर्फात कशाला?"

"ते शास्त्र आहे," गंगाराम म्हणाले. प्रथमच त्यांचा आवाज खाली आला.

मग महिपतरावांनी बाह्या वर केल्या, केस दोन्ही पायांत धरली, आणि कोपऱ्यातली लोखंडी हातोडी व्याह्यांपुढे केली. गंगारामांनी शिकलेले सारे बाजूला ठेवून एक घाव घातला. मोठा आवाज झाला. दांडा बेअरिंगसकट फरशीवर घरंगळला. त्याच्या मागोमाग केसचा एक मोठा तुकडाही आला.

"निघाला," महिपतराव भारावून म्हणाले.

"निघाला," गंगारामही म्हणाले.

दारात योगिनी फोन कानाला लावून उभी होती.

"इंजिन रिपेअरवाले ना? दाभोळला येता काय? नाही हो, इंजिन एकच आहे. खोलणारे दोघे आहेत." ती पलीकडचे ऐकत राहिली, मग पडवीत डोकावून म्हणाली, "हो, हातोडी अजून हातातच आहे. लगेच निघा."