थूलकाकांची कानस

इतरांच्या खिशात पेन असतं, आमच्या थूलकाकांच्या खिशात कानस असते. वीतभर लोखंडी, लाकडी मुठीची. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला आणि रिटायर होऊन बोरगाव मेघेला माझ्या शेजारी राहायला आले, ते कानस घेऊनच. कुठलीही वस्तू अडली, की त्यांचा हात खिशात जातो आणि ठरलेलं वाक्य येतं, "बसत नाई म्हंजे काय? बसवनाराच बसवत नाई!" मग खरखर सुरू.

माझ्या फाटकाची कडी त्यांनी मला न विचारता घासली. आता गायसुद्धा ती नाकाने उघडते. पण कवळी? नवी कवळी हिरडीला टोचते म्हणून हे गृहस्थ सकाळी अंगणात आरशासमोर बसून चक्क कवळी घासत होते! मी किंचाळलेच.

"डॉक्टरचं थोडं काम बाकी राह्यलं होतं," काका शांतपणे म्हणाले. कवळी तोंडात बसवली आणि माझ्यासमोर मूठभर फुटाणे खाऊन दाखवले.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, म्हणून मी त्यांची मास्तरीणबाई. परवा शनिवारी मला बोलावणं आलं. लेकीने कधीकाळी दिलेला त्यांचा कॉम्प्युटर व्हिडिओ कॉल लावला की दोन मिनिटांत थिजायचा. लेक बंगळुरूला, आणि रविवारी चार वाजता तिकडे नातीचं बारसं.

"चित्र अडकलं नाई पाह्यजे. मेमरी वाढवून दे," म्हणत काकांनी हिंगणघाटहून आणलेली मेमरीची पट्टी पुढे केली.

मी ती लावून बघितली. "काका, ही नव्या मशीनची आहे. हिची खाच बघा आणि तुमच्या मशीनमधला हा उंचवटा बघा. जुळतच नाहीत. चुकीची पट्टी कोणी लावू नये म्हणून मुद्दामच असं केलेलं असतं. उद्या मी जुनी शोधून आणते."

"म्हंजे अडचन खाचेची हाय?"

"हो," म्हटलं मी, आणि घरी निघून आले. कपाळ माझं! त्या माणसाच्या खिशात काय असतं हे मला माहीत नव्हतं का?

रविवारी वर्ध्यात तीन दुकानं पालथी घालून जुनी पट्टी मिळवली. त्यांच्या दारात पाय ठेवला, तर घरभर जळका वास. टेबलावर हिरवट भुकटी. काकांनी नव्या पट्टीची खाच कानशीने घासून सरकवली होती, पट्टी दाबून बसवली होती आणि वर बटणही दाबलं होतं.

"बसली होती बरं," काका पुटपुटले. "टक्कन बसली. मंग धूर निंगाला."

टेबलाजवळचं स्टूल बाजूला सारून मी खाली बसले, कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतलं सगळं काळं. आणलेली पट्टी माझ्या हातातच राहिली.

"काका, तिची वीजच वेगळी असते हो! नुसती खाच घासून काय होतं? बारशाला दोन तास राहिलेत!" माझा पारा चढला होता. "आता जाऊ द्या. फोनवर बघा. सगळं जग फोनवरच बघतं."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "घे वं बाई," म्हणाल्या आणि कप हवेतच सोडला. खळ्ळकन फुटला तो.

"इथंच तं असते स्टूल," काकू गोंधळून म्हणाल्या, आणि खाली बसून हातांनी तुकडे चाचपू लागल्या.

मी बघतच राहिले. अगं बाई! दोन वर्षं मी या घरात चहा पितेय!

काकूंना पलंगावर बसवून काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "काचबिंदू हाय. उजव्यानं काईच नाई. डाव्यानं मोठं असन, जवळ असन, तं थोडं दिसते. फोनवर तिले नात म्हंजे निस्ता डाग. लेकीले सांगूबी देत नाई. बाळंतीण हाय, जिवाले लावून घेईन म्हनते."

माझा हात टेबलाच्या कोपऱ्यावर होता. कोपरा गुळगुळीत होता. मग मी वेड्यासारखी बघत सुटले. दाराची कडी, खिडकीची चौकट, पाण्याच्या डब्याचं झाकण, सगळं घासलेलं. काकूंच्या बोटाला लागेल अशी एकही कड त्या घरात नव्हती. आणि मी गल्लीभर या माणसाच्या नकला करत हिंडले होते! मला माझीच लाज वाटली.

चार वाजता माझ्या क्लासमधला कॉम्प्युटर, सगळ्यात मोठ्या स्क्रीनसकट, त्यांच्या टेबलावर होता. काकूंनी नाक काचेला टेकवलं. आधी पाळणा दिसला, मग लेक, मग नात.

"अवं माय! नाक तं यांचंच घेतलं वं पोरीनं!" काकू ओरडल्या.

हसत हसत मी मागे वळले, तर काका नाहीत. बाहेर अंगणात उभे होते. हातात कानस होती, पण घासायला काहीच नव्हतं.

"डॉक्टरले म्या म्हटलं होतं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माहा एक डोया काढा अन् हिले बसवा. तो म्हने, बसत नाई."

त्यांनी कानस खिशात ठेवली.

"अन् म्या निस्तं आयकून घेतलं, मास्तरीणबाई."